भटकंतीसाठी हातघडणीचा चाकू: निवड, मागणी आणि हाताजोगते बदल

हातघडणीचा चाकू घ्यायचा म्हटले की बहुतेकांची चौकशी पोलादाच्या नावापासून सुरू होते आणि तिथेच संपते. रानात चाकू चांगला की वाईट हे मात्र चार गोष्टींवर ठरते: पात्याला दिलेले पाणी (म्हणजे तापवून, बुडवून आणलेला कडकपणा), धारेची घडण, मुठीचा आकार आणि म्यानाची पकड. पोलादाचे नाव या चारांनंतर येते. ठाणे किंवा नवी मुंबईत राहून सुट्टीच्या दिवशी मुरबाड, शहापूर, कर्जत या बाजूला मुक्कामी जाणारे आणि तिथे एखाद्या ओळखीच्या शेतावर बुशक्राफ्टचा, म्हणजे हाताशी असलेल्या साहित्यातून निवारा, चूल, खुंट्या, पळ्या करण्याचा, सराव करणारे बरेच जण आता भेटतात. त्यांच्यासाठी हा लेख आहे. या छंदाविषयीचा बहुतेक सल्ला उत्तर युरोप आणि अमेरिकेतून येतो. तिथले लाकूड मऊ, हवा थंड आणि कायदे निराळे असल्यामुळे तो जसाच्या तसा उचलला तर पैसे बरेच जातात आणि चाकू कामाला येत नाही.

काम आधी ठरवावे

मुरबाडकडच्या वाडीतला माणूस रानात निघतो तेव्हा त्याच्या कमरेच्या आकडीत कोयता असतो, चाकू नसतो. फांदी तोडणे, बांबू उभा चिरणे, काटेरी झुडूप बाजूला करणे, नारळ सोलणे ही सगळी कामे कोयता करतो आणि तो हे काम कोणत्याही महागड्या चाकूपेक्षा बरे करतो. म्हणून पहिला निर्णय असा घ्यावा की जड काम कोयत्याकडे राहील आणि चाकूकडे फक्त बारीक काम येईल. तंबूच्या खुंटीला खाच पाडणे, दोरी कापणे, वाळक्या काटकीचे पातळ सालपट काढून चुलीसाठी पिसारा करणे, बांबूच्या पेराचा पेला तासणे, कांदा चिरणे आणि मासळी साफ करणे एवढ्या कामांची यादी कागदावर लिहून काढली की सात-आठ इंची, पाव इंच जाडीच्या राक्षसी चाकूची गरज आपोआप गळून पडते. चाकूच्या पाठीवर लाकडाने ठोकून ओंडका फोडण्याच्या चित्रफिती पाहून जाड पाते मागवणारे पुष्कळ असतात. त्यांनी ती जाडी कांदा चिरताना अनुभवावी. कांदा कापला जात नाही, फुटतो.

यादीत प्रत्येक कामापुढे ते किती वेळा करावे लागते हेही लिहावे. स्वयंपाकाचे काम जास्त असेल तर पाते पातळ आणि किंचित लांब हवे, लाकूडकाम जास्त असेल तर आखूड हवे. दोन्ही सारखेच असेल तर दहा सेंटिमीटरच्या आसपासचे पाते बहुतेकांना पुरते.

कायदा लांबी ठरवतो

ही पायरी पुष्कळ जण शेवटी पाहतात, ती आधी पाहावी. शस्त्र नियम, २०१६ मध्ये धारदार शस्त्रांच्या वर्गात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची आयुधे येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. दहा-अकरा सेंटिमीटरचा, एका बाजूने धार असलेला चाकू या मापांच्या कितीतरी आत राहतो. दुधारी खंजिराची घडण किंवा कळ दाबताच उघडणारी पाती मागवू नयेत. बुशक्राफ्टमध्ये त्यांचा उपयोग शून्य आणि चौकीत त्यांचे समर्थन करणे अवघड.

माप बसले म्हणजे चाकू कुठेही नेता येतो असे मात्र नाही. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश वरचेवर निघतात आणि त्या काळात सार्वजनिक ठिकाणी सुरे, तलवारी, लाठ्या असे काहीही बाळगण्यास बंदी असते. सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या दिवसांत निघण्यापूर्वी असा आदेश लागू आहे का ते पाहावे. चाकू कमरेला लावून लोकलच्या डब्यात चढू नये; म्यानात घालून, कापडात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी इतर सामानाखाली ठेवावा आणि शक्यतो स्वतःच्या गाडीतून न्यावा. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनच्या सामानातच द्यावा लागतो.

त्याहून महत्त्वाची बाब जंगलाची आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येतच चाकूचा समावेश आहे आणि अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाण्यास मनाई आहे. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. कर्नाळा, तुंगारेश्वर आणि तानसा ही अभयारण्ये. भीमाशंकर अभयारण्याचा विस्तार तर पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत आहे. या ठिकाणी चाकू नेऊ नये, आग पेटवू नये. राखीव वनातही भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार आग लावणे आणि झाडतोड हे गुन्हे आहेत. उरते ती खाजगी जागा, आणि ती भरपूर आहे: मुरबाड, शहापूर, कर्जत, सुधागड भागांत शेतघराचे मालक रीतसर विचारले तर सहसा नाही म्हणत नाहीत.

पात्याची मापे

लांबी ९ ते ११ सेंटिमीटर, पाठीची जाडी ३ ते ३.५ मिलिमीटर, रुंदी अडीच ते तीन सेंटिमीटर ही मापे आपल्याकडच्या कामाला पुरेशी आहेत. टोक पात्याच्या मध्यरेषेच्या जवळ, किंचित खाली उतरलेले असावे, म्हणजे भोक पाडताना ते हाताच्या जोराच्या रेषेत राहते. वर उचललेले, वळणदार टोक दिसायला देखणे असते, पण खाच कोरताना ते निसटते.

धार मुठीच्या जितकी जवळ सुरू होईल तितकी चांगली. काही कारागीर मूठ आणि धार यांच्यामध्ये दीड-दोन सेंटिमीटर सपाट जागा सोडतात आणि तिथे बोटासाठी गोलाई काढतात. लाकूड कोरताना सगळा जोर लागतो तो नेमका याच जागी, त्यामुळे इथे धार नसेल तर मनगट लवकर दमते. मागणी देताना ही जागा अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त नको असे स्पष्ट सांगावे.

पात्याचा मुठीत शिरणारा भाग, ज्याला कारागीर टँग म्हणतात, मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीचा असावा. सळईसारखा बारीक टँग वाईट नसतो आणि वजनही वाचवतो, पण तो नीट बसवला आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. पूर्ण टँग दोन्ही कडांना उघडा दिसतो आणि घेणाऱ्याला पडताळता येतो.

धारेची घडण

या बाबतीत बाहेरचा सल्ला सर्वांत जास्त फसवतो. बुशक्राफ्टच्या जगात स्कँडी उतार लोकप्रिय आहे: पाते मध्यापर्यंत सपाट आणि तिथून थेट धारेपर्यंत एकच उतार, दोन्ही बाजूंच्या उतारांमधला एकूण कोन २० ते २५ अंश. बर्च आणि पाइनच्या मऊ लाकडात ही धार सुरेख चालते आणि निसण्यावर उतार सपाट टेकवून पाजवता येत असल्यामुळे नवशिक्यालाही सोपी जाते. आपल्याकडे तिच्या वाट्याला येतो वाळलेला बांबू, ज्याच्या सालीत सिलिका असते, आणि खैर, बाभूळ, धावडा यांच्यासारखी घट्ट लाकडे. बांबूच्या गाठीवर चाकू जरा आडवा वळला की इतकी पातळ धार दातेरी होते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, स्कँडी उतारच ठेवून धारेच्या अगदी कडेला ३० ते ३५ अंशांचा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा दुय्यम उतार देणे. हे काम कारागीर दोन मिनिटांत करतो, घरी बारीक दगडावरही करता येते. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे: पाठीपासून धारेपर्यंत पूर्ण सपाट उतार, किंवा किंचित फुगीर उतार, आणि त्यावर वेगळी धार. असे पाते लाकडात थोडे कमी चावते, पण भाजीत आणि मासळीत स्कँडीपेक्षा कितीतरी सरस चालते आणि घट्ट लाकडात टिकते. सपाट उताराचा चाकू मागवताना धार लावण्यापूर्वी कडेची जाडी किती ठेवणार हे विचारावे. अर्धा मिलिमीटरच्या आसपास हवी. एक मिलिमीटर असेल तर तो चाकू कापणार नाही, पाचर मारल्यासारखा फाडत जाईल. व्हर्नियरने ही जाडी सहज मोजता येते, आणि हा प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक आले की चांगला कारागीर खुलतो असा अनुभव आहे.

दाढीच्या वस्तऱ्यासारखा पोकळ उतार मात्र लाकडाच्या कामाला घेऊ नये.

पोलाद आणि पाणी

आपल्याकडे हातघडणीच्या चाकूंसाठी वापरल्या जाणाऱ्या पोलादांचे ढोबळ तीन गट पडतात. पहिला गट साध्या, गंजणाऱ्या पोलादांचा: ट्रकच्या कमानीच्या पाट्याचे ईएन ४५ किंवा ५१६०, बेअरिंगचे ईएन ३१, आणि १०७५, १०९५ अशी आकड्यांनी ओळखली जाणारी कार्बन पोलादे. दुसरा गट डी २ सारख्या टूल स्टीलचा, म्हणजे अवजारांच्या पोलादाचा. त्यात सुमारे १२ टक्के क्रोमियम असते, पण त्यातले बरेचसे कार्बनशी बांधले गेल्यामुळे ते पूर्णपणे गंजरोधक नसते. तिसरा गट स्टेनलेसचा. त्यात स्वीडनचे १४ सी २८ एन सध्या बऱ्याच भारतीय कारागिरांकडे मिळते.

यांपैकी कोणते घ्यावे याचे उत्तर कारागिराच्या भट्टीत आहे. साधे कार्बन पोलाद लाल तापवले की साधारण ७७० अंश सेल्सियसला त्याला चुंबक धरेनासे होते. त्याहून थोडे वर नेऊन कोमट तेलात बुडवले की ते कडक होते. डोळा आणि चुंबक यांच्या भरवशावर, कोळशाच्या भट्टीवरही हे काम नीट साधते. डी २ ला हजार अंशांच्या वर आणि स्टेनलेसला त्याहूनही थोडे जास्त तापमान लागते, तेही ठराविक वेळ स्थिर ठेवून. ते काम तापमान-नियंत्रक असलेल्या विजेच्या भट्टीतच व्हावे लागते. म्हणून नियम सोपा आहे. कारागिराकडे फक्त कोळशाची किंवा गॅसची भट्टी असेल तर त्याच्याकडून पहिल्या गटातले पोलाद घ्यावे आणि निर्धास्त राहावे. डी २ किंवा स्टेनलेस हवे असेल तर हीट ट्रीटमेंट, म्हणजे तापवून कडक करण्याचे काम, कुठे केली ते विचारावे. वागळे इस्टेट, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यात डाय आणि कटर कडक करून देणाऱ्या कार्यशाळा आहेत आणि काही कारागीर पाती तिथूनच करून आणतात. त्यात कमीपणा काही नाही, उलट ती खात्रीच समजावी.

तेलात बुडवून काढलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. त्याला पुन्हा २०० अंशांच्या आसपास, दोन-दोन तास, दोनदा तापवून थोडे सैल करावे लागते. ही पायरी घाईत उरकली जाते आणि चाकू तुटतात ते बहुधा इथल्या हलगर्जीमुळे. कठीणपणा रॉकवेल सी मापावर मोजतात. रानातल्या चाकूसाठी ५७ ते ५९ चांगला. ६२ चा आकडा ऐकायला भारदस्त वाटतो, पण तसा चाकू बांबूच्या गाठीवर कडा सोडतो आणि मुक्कामी साध्या दगडावर पाजवता येत नाही. मोजणीत पात्यावर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो, म्हणून ती मूठ बसवण्यापूर्वी टँगवर करून घ्यावी आणि त्याचे छायाचित्र मागावे.

जुन्या कमानीच्या पाट्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. गावचा लोहार भंगारातल्या पाट्यातून उत्कृष्ट कोयता घडवतो, कारण कोयत्याचे पाते जाड असते आणि पाणी तो फक्त धारेच्या बाजूला देतो. पाठ मऊ राहते, फटका पचवते. मात्र वर्षानुवर्षे ट्रकखाली वाकून सरळ झालेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असू शकतात आणि पाते तीन मिलिमीटरपर्यंत घासून पातळ केले की त्या उघड्या पडतात. चाकूसाठी त्याच जातीचा नवा, न वापरलेला पाटा मागावा. किमतीत फारसा फरक पडत नाही.

दमास्कस नावाने विकल्या जाणाऱ्या नक्षीदार पात्यांबद्दल माझे मत कडवट आहे. चांगल्या कारागिराने दोन पोलादे घडीवर घडी घालून जोडलेले खरे काम सुंदर असते आणि महागही असते. स्वस्तात मिळणाऱ्या नक्षीत कोणते पोलाद आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. पहिल्या चाकूसाठी तो नाद सोडावा.

खाडीकाठच्या दमट हवेत गंज लागणारच, मग सरळ स्टेनलेस का घेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. जो माणूस वापरानंतर चाकू पुसून ठेवण्याची सवय लावून घेऊ शकत नाही, त्याने खरोखर स्टेनलेसच घ्यावे. बाकीच्यांना कार्बन पोलाद पाजवायला सोपे आणि खिशाला हलके जाते.

मूठ आपल्या हाताची

कारखान्यातला चाकू सोडून हातघडणीचा घेण्याचे खरे कारण मूठ हे आहे, आणि गंमत अशी की मागणी देताना तिच्याविषयी कोणी चार शब्दांहून जास्त बोलत नाही. पट्टी घेऊन तळहाताची रुंदी तर्जनीच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंत मोजावी आणि त्यात दीड ते दोन सेंटिमीटर मिळवावेत. ती मुठीची लांबी. बहुतेकांची ११ ते १२ सेंटिमीटर येते. जाडी दोन ते अडीच सेंटिमीटर, आणि काप अंडाकृती असावा, म्हणजे अंधारातही धार कोणत्या बाजूला आहे हे हाताला कळते. गोल मूठ हातात फिरते. बोटांसाठी खाचा पाडलेली मूठ मागवू नये, कारण चाकू एकाच पकडीत कधीच वापरला जात नाही: खाच पाडताना अंगठा पाठीवर येतो, सालपट काढताना मूठ पूर्ण आवळली जाते, भोक पाडताना चाकू उलटा धरला जातो, आणि त्या खाचा प्रत्येक वेळी चुकीच्या बोटाखाली येतात.

आकार नक्की करण्याची एक खात्रीची रीत आहे. गणपतीच्या मूर्तीला वापरतात ती शाडू माती मूठभर घ्यावी, तीन मिलिमीटर जाडीच्या, अडीच सेंटिमीटर रुंदीच्या लाकडी पट्टीच्या एका टोकाला दोन्ही बाजूंनी थापावी आणि काटकी तासतो आहोत अशा पकडीत हलकेच दाबावे. मग पकड बदलून पुन्हा दाबावे. दोन-तीन पकडींनंतर जिथे माती प्रत्येक वेळी बाहेर ढकलली जाते तिथे मूठ बारीक हवी आणि जिथे तळहाताच्या खोलगट भागाला माती लागतच नाही तिथे ती भरीव हवी. बोटांचे ठसे ओल्या हाताने पुसून गुळगुळीत करावेत, माती सावलीत वाळू द्यावी, आणि पट्टी शेजारी ठेवून वरून, बाजूने आणि मागून अशी तीन छायाचित्रे कारागिराला पाठवावीत. शाडू वाळताना थोडी आकसते, म्हणून जाडीचे माप ओली असतानाच घेऊन ठेवावे.

सामानात दोन वाटा आहेत. लाकूड हवे असेल तर शिसव, सागाचा गाभा, तिवस किंवा धावडा यांतले पूर्ण मुरलेले घ्यावे. धावड्याचे दांडे कुऱ्हाडीला उगाच बसवत नाहीत. हे लाकूड वखारीतून किंवा फर्निचरवाल्याच्या उरलेल्या तुकड्यांतून मिळवावे, रानातून तोडून आणू नये. लाकूड कितीही चांगले असले तरी ठाण्याच्या पावसाळ्यात ते फुगते आणि दिवाळीनंतर आकसते, त्यामुळे टँगची कड हाताला टोचू लागते. जून ते सप्टेंबर या काळात वापर जास्त असेल तर कापड आणि रेझिन दाबून केलेले मायकार्टा घ्यावे. परदेशी मायकार्टा महाग पडते. विजेच्या पॅनेलसाठी इन्सुलेशनचे सामान विकणाऱ्यांकडे कापडी हायलमची शीट मिळते, ती जवळपास तशीच असते आणि ओल्या हातात घट्ट बसते. काचतंतूची जी १० शीटही चालते, पण गुळगुळीत घासली तर ती घामाने निसरडी होते. यांची भुकटी फुप्फुसांना घातक असते. घरी घासायची असेल तर पाणी लावून आणि चांगला मास्क घालूनच घासावी.

मूठ चिकटवण्यासाठी पाच मिनिटांत सुकणारे नव्हे, तर पूर्ण दिवस घेणारे इपॉक्सी वापरायला सांगावे, आणि शिवाय पितळेच्या किंवा स्टेनलेसच्या किमान दोन पिना असाव्यात. दोरी ओवण्याचे भोक मागच्या टोकाला असू द्यावे, कधीतरी लागते.

म्यान

नवे चामडे घेताना ते वनस्पतींच्या साली-फळांनी कमावलेले आहे याची खात्री करावी. कोल्हापुरी चपलांचे चामडे बाभळीची साल आणि हिरड्याने कमावतात, त्या जातीचे म्यान उत्तम होते. क्रोमने कमावलेल्या मऊ चामड्यातले क्षार पात्याला गंज चढवतात. चामडे कोणतेही असो, चाकू त्यात कायमचा ठेवू नये, आणि पावसाळ्यात तर त्याला बुरशी येतेच. ओल्या दिवसांसाठी कायडेक्स या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे म्यान सोयीचे. तळाशी पाणी निथळायला भोक हवे. म्यान कोणतेही असले तरी चाचणी एकच: चाकू घालून उलटे धरावे आणि दोनदा झटकावे. चाकू निसटला तर म्यान परत पाठवावे.

मागणी आणि ताबा

फोनवर ठरलेले विसरले जाते, म्हणून मागणी लेखी द्यावी: पोलाद, कठीणपणाचे माप, लांबी, जाडी, उताराचा प्रकार, कडेची जाडी, मुठीची मापे व सामान, डावखुरे असल्यास म्यान डाव्या बाजूचे. पाठीच्या कडा कशा हव्यात हेही लिहावे. फेरो रॉड, म्हणजे घासल्यावर ठिणग्या पाडणारी धातूची कांडी, घासायचा असेल तर टोकाकडच्या पाच-सहा सेंटिमीटरमध्ये पाठ काटकोनी, टोकदार कडांची हवी, आणि मुठीजवळ जिथे अंगठा टेकतो तिथे ती गोल घासलेली हवी; सगळीकडे काटकोनी ठेवली तर अर्ध्या तासात अंगठ्याला फोड येतो. अनामत रक्कम द्यायला हरकत नाही, पूर्ण रक्कम आधी देऊ नये. वेळ लागेल हे गृहीत धरावे.

चाकू हाती आला की आधी ट्यूबलाइटखाली बसून पाहावा. पाठ डोळ्यासमोर धरून टोकाकडे नजर टाकली की पाते वाकडे असेल तर लगेच दिसते. दोन्ही बाजूंचे उतार मुठीजवळ एकाच रेषेत सुरू व्हायला हवेत. मग धार वर करून प्रकाशाकडे धरावी: चांगल्या धारेवरून प्रकाश परतत नाही, जिथे चमकती रेघ किंवा ठिपका दिसतो तिथे ती बोथट किंवा तुटलेली आहे. मूठ आणि टँग यांच्या सांध्यावरून नख फिरवावे. नख अडले तर तिथून पाणी शिरणार. पात्याला दिलेल्या पाण्याची परीक्षा दोन रीतींनी होते. धारेजवळच्या भागावर बारीक कानस हलक्या हाताने फिरवली तर ती घसरायला हवी, चावायला नको. ओरखडा उठण्याची शक्यता असल्यामुळे हे कारागिराच्या समोर आणि त्याच्या संमतीने करावे. दुसरी, पितळेच्या सळईवर धार साधारण १५ अंशांत टेकवून दाबत ओढावी. धार किंचित लवून परत सरळ झाली तर पाणी बरोबर, लवलेलीच राहिली तर मऊ, आणि दातेरी झाली तर जास्त कडक.

घरी करण्याजोगे बदल

तयार घेतलेला चाकूही पुष्कळ सुधारता येतो. मूठ बोचत असेल तर तासभर काटक्या तासून तळहात कुठे लाल होतो ते पाहावे, मुठीवर त्या जागी पेन्सिलीने खूण करावी आणि तेवढाच भाग आधी २२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावा. एका बैठकीत खूप घासू नये. काढलेले लाकूड परत लावता येत नाही. लाकडी मुठीला उकळलेले जवसाचे तेल चोळावे, एक रात्र थांबून पुन्हा चोळावे. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवावी किंवा पाण्यात भिजवून टाकावी. अंगठ्याजवळची पाठ गोल करायला सपाट लाकडी पट्टीला पॉलिश पेपर गुंडाळून घासणे पुरते.

ज्याला हात लावू नये अशी एक गोष्ट म्हणजे ग्राइंडर. सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याचे चाक घरच्या विळीला ठीक असते, पण वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर पातळ कड क्षणात तापते. कडेवर गवती पिवळा रंग आला म्हणजे तापमान दोनशेच्या वर गेले. निळा झाला म्हणजे तीनशेच्या आसपास, आणि कारागिराने दिलेले पाणी तेवढ्या भागातून उतरले. ते घरी परत चढवता येत नाही, निळा भाग घासून काढावा लागतो.

धार आणि निगा

घरासाठी ४०० आणि १००० नंबरचे दोन दगड आणि चामड्याचा पट्टा एवढे सामान पुरते. एका बाजूने घासत राहावे, दुसऱ्या बाजूला धारेच्या पूर्ण लांबीवर खरबरीत बर, म्हणजे दुमडून आलेली धातूची बारीक कड, बोटाला जाणवली की बाजू बदलावी. बर येण्याआधीच बाजू बदलणे हे धार न लागण्याचे नेहमीचे कारण असते. शेवटी चामड्यावर पाठीच्या दिशेने ओढून बर उतरवावी. मुक्कामी फक्त पट्टा नेला तरी दोन दिवस निभावतात.

कार्बन पोलादाचे पाते पहिल्या वापरापूर्वी गरम व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून धुतले की त्यावर करडा थर चढतो आणि तो तांबड्या गंजाला बराच अटकाव करतो. कैरी, कोकम, लिंबू कापल्यावरही पाते काळे पडते. घाबरू नये, धुऊन कोरडे करावे. तांबडा डाग दिसला तर तो मात्र त्याच दिवशी काढावा. तेल लावायचे तर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन लावावे. ते अन्नाला चालते आणि खोबरेल तेलासारखे थंडीत गोठत नाही, खवटही होत नाही. पावसाळ्यात चाकू म्यानाबाहेर, तेलाच्या कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवावा.

वापरताना बैठक महत्त्वाची. कोपर गुडघ्यांवर टेकवून, काटकी गुडघ्यांच्या पुढे धरून तासावे. दोन मांड्यांच्या मधल्या जागेत पाते कधीही नेऊ नये, कारण मांडीतली मोठी रोहिणी तुटली तर मुरबाडच्या माळावरून दवाखान्यापर्यंत पोहोचायला वेळ पुरत नाही. दाबपट्टी आणि रुंद बँडेज चाकूच्याच कप्प्यात ठेवावे. मे महिन्याच्या अखेरीस मुठीच्या पिना आणि सांधे एकदा भिंगाने पाहावेत. फट दिसली तर ती कोरडी असतानाच पातळ इपॉक्सीने भरून घ्यावी, कारण एकदा पाऊस सुरू झाला की आत शिरलेली ओल ऑक्टोबरपर्यंत बाहेर पडत नाही.